टिंबाआधी तिरकी रेघ

अशोकस्तंभाजवळ, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
मी अनंतगुरुजींच्या वह्या टाइप करते.
लाल खारव्याची बांधणी, उभ्या घडीची पानं :
कुठल्या गावचं कोण, कुणाला घेऊन रामकुंडावर आलं,
खाली सही, नाहीतर अंगठा.
(अंगठे टाइप होत नाहीत. तिथे मी "अंगठा" लिहिते.)

चौदा महिने झाले. आता साफसफाई.

नासिक, नाशिक, नाशीक
तिघांना एकाच चौकटीत धरलं : ना[सश][िी]क.
स आणि श शेजारी बसले, भांडले नाहीत.
गुरुजीच म्हणाले,
"आजोबांच्या हातचं नासिक राहू द्या."
राहू दिलं.

तारका अधाशी असते.
बिनपासून बिनपर्यंत शोध म्हटलं, तर
पहिल्या बिनपासून थेट शेवटच्या बिनपर्यंत,
मधले खंडोजी, मालोजी, बहिर्जी
सगळे गिळून बसली.
तिच्या पाठीला एक प्रश्नचिन्ह लावलं
तेव्हा कुठे लाजली,
पहिल्या घासाला थांबली.

आणि काल संध्याकाळी गुरुजी म्हणाले,
"ते कै. असं तुटक नको.
कैलासवासी, पूर्ण लिहा.
गेलेल्या माणसाला चार अक्षरं जास्त दिली
तर शाई काही संपत नाही."
शाई नव्हतीच. तरी मी मान हलवली.

शोधा : कै.
बदला : कैलासवासी
सगळे बदला.

दोन हजार तीनशे अकरा बदल झाले,
असं खाली उमटलं.
मी चहा सांगितला.

चहा अर्धा झाला असेल,
सिन्नरच्या एका घराण्यात
कैलासवासीला चिकटलेला एक काना दिसला, मागे स.
काना ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाला टेकून उभा.
ज्या ल-चा तो हात धरून होता
तो ल कुठेच नव्हता.

मला वाटलं होतं, टिंब म्हणजे टिंब.
यंत्राला टिंब म्हणजे कोणीही,
पुढे येईल ते एक अक्षर.
निफाडचा कैवल्य गेला, वय वर्षं तीन.
दक्षिणेत आलेली कैऱ्यांची टोपली गेली.
आणि गेल्या वर्षीच्या वहीत, पान एकशे बारा,
कैलास निवृत्ती बोडके, राहणार सातपूर,
वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता, सही केली होती,
ती सहीसुद्धा गेली.

तो माझा भाऊ.
त्याला फोन लावला. मागे प्रेसचा दणदणाट.
"काय गं, आत्ता? पाळी चालू आहे."
"काही नाही. डबा खाल्लास का?"
"साडेआठला सुट्टी होते, तुला माहितीये."
मला माहीत होतं.

मग एक कळ दाबली
आणि सत्तेचाळीस जागी
माणसं (एक टोपली धरून) उठून बसली.
ल-ला काना मिळाला, काना पुन्हा जमिनीवर आला.
रामकुंडाच्या पायऱ्यांवर अशी कळ नसते,
हे गुरुजींना सांगायला नको.
त्यांना मी एवढंच म्हटलं, "थोडं चुकलं होतं."
ते म्हणाले, "आमचे आजोबा एकेक नाव बघून लिहायचे."
मी ऐकून घेतलं.

टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिली : कै\.
आता टिंब म्हणजे फक्त टिंब,
कोणाच्याही जागी दुसरं कोणी नाही.
या वेळी सगळे बदला म्हटलं नाही.
पुढचा, पुढचा, पुढचा,
रात्री पावणेअकरापर्यंत
प्रत्येकाच्या खांद्यावर बोट ठेवत गेले.
दोन हजार दोनशे चौसष्ट.

पान एकशे बारावर कर्सर थांबला.
कैलास तसाच राहिला, सहीसकट.
त्याच्या वरच्या ओळीत बाबा.
रेघेविना शोधलं तेव्हाही सापडले होते,
रेघ देऊन शोधलं, तेव्हाही.